मास्तरीण लंगडत नाही

बाई गं,

हे तुला न विचारता लिहितेय. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, "वहिनी, तुला दुसरं काम नाही का?" नाहीये. कॉलेजातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, गुडघे गेले, डोळे शाबूत आहेत, तेव्हा लिहिणार. परवा दवाखान्यात शेजारी बसलेली एक बाई मला सांगत होती, की ते घोड्यांचं उपचार केंद्र आहे ना, तिथे कोणी एक बिचारी अपंग बाई आहे, मुक्या जनावरावर फार जीव तिचा. मी म्हटलं, ती बिचारी नाही आणि ते जनावर मुकं नाही. पुढचं ऐकायला ती थांबली नाही, तिचा नंबर लागला. म्हणून कागदावर.

एकच अट आहे. ह्यापुढे तुला 'तू' म्हणणार नाही. 'तू' म्हटलं की तू मध्येच बोलतेयस असं वाटतं आणि माझं वाक्य पुरं होत नाही. तेव्हा 'ती'. गोष्टीत वहिनी येईल ती मीच, पण तिच्याकडे फार लक्ष द्यायचं कारण नाही.

तर ती.

तिसऱ्या वर्षी तिला ताप आला आणि उतरताना डाव्या पायाची वाट लावून गेला. पोटरी काठीसारखी, आणि पाय दोन बोटं आखूड. घरात त्या पायाचे दोन पंथ होते. आई म्हणायची, "जपून." मोठा भाऊ म्हणायचा, "बसून." दादाचं प्रेम होतं, खोटं कशाला सांगू, पण त्याच्या प्रेमाला नेहमी खुर्ची लागायची. बाविसाव्या वर्षी ती घोड्यांच्या पागेत झाडलोटीला लागली तेव्हा दादा म्हणाला, "तिथे एखादी लाथ बसली म्हणजे?"

"म्हणजे दुसराही पाय जाईल. दोन्ही सारखे तरी होतील."

पागा तेव्हा श्रीमंतांच्या मुलांना घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेची होती. ती शाळा बुडाली. पागा आणि ही तेवढ्या उरल्या. मग एका संस्थेने ती जागा घेऊन तिथे केंद्र काढलं. ज्यांचं अर्धं अंग गेलंय, ज्यांना तोल सावरत नाही, ज्यांचे पाय जन्मापासून ऐकत नाहीत, अशांना घोड्यावर बसवून संथ फिरवायचं. ऐकणाऱ्याला वाटतं ही करमणूक आहे. तसं नाही. घोडा चालताना त्याची पाठ जशी हलते, तशीच चालणाऱ्या माणसाची कंबर हलते. म्हणजे ज्याला चालता येत नाही, त्याच्या कंबरेला घोड्याच्या पाठीवर बसून चालण्याची आठवण करून द्यायची. तिथल्या फिजिओबाईंचं सगळं शास्त्र ह्या एका गोष्टीवर उभं आहे. त्यासाठी घोडा देखणा नसला तरी चालतो, त्याची पावलं मात्र लंबकासारखी सारखी पडायला हवीत.

एका घोड्याला तीन माणसं लागतात. दोघं दोन बाजूंना (निवृत्तीनंतर वहिनीही त्यांतली एक), त्यांनी स्वाराची मांडी आणि घोटा धरायचा. तिसरं 'पुढचं', म्हणजे घोड्याच्या डोक्याशी दोर धरून चालणारं. पुढच्याने मागे वळून पाहायचं नाही, असा नियम आहे. ती आठ वर्षं पुढची होती. मागचं तिला घोडीच्या कानांवरून कळायचं. एक कान मागे वळला की स्वार बोलतोय, दोन्ही वळले की स्वार घसरतोय.

ही घोडी म्हणजे मास्तरीण. करड्या रंगाची, पाठ पाटासारखी रुंद, वय सतरा. जुन्या शाळेने तिच्यावर 'अडेल' असा शिक्का मारला होता, कारण वर बसलेलं पोर एका अंगाला कलंडलं की ती पळता पळता थांबायची आणि मान खाली घालून उभी राहायची. वर्गात गोंधळ चालू असताना मास्तरीण काही न बोलता उभी राहते ना, तशी. शाळेत जो दुर्गुण, तोच केंद्रात गुण ठरला. पागेत लोक म्हणायचे, दोन अडेलतट्टू एका दोराला बांधलेत. ती म्हणायची, "तट्टू असेल तुमचा तो. आम्ही दोघी घोड्या."

आता घोडं कुठे पेंड खायला लागलं ते सांगते.

केंद्राचा जुना घोडेडॉक्टर निवृत्त झाला. तो तपासणीला आला की दोर स्वतःच्या हातात घेऊन घोडी चालवून बघायचा. नवा आला तो तरुण, स्वच्छ बुटांचा. कुंपणाशी हाताची घडी घालून उभा राहिला आणि म्हणाला, "चालवा." तिने चालवली. "परत." परत चालवली.

"पुढचा उजवा," तो म्हणाला. "लंगडतेय."

"कोण?"

"घोडी. डोकं बघा ना. डावा पाय टेकतो तेव्हा डोकं खाली, उजवा टेकतो तेव्हा वर. दुखऱ्या पायावर भार नको म्हणून घोडा डोकं उचलतो."

डॉक्टर काही आंधळा नव्हता. डोकं खरंच हलत होतं. बाजूला चालणाऱ्या आम्ही बायका स्वाराकडे बघायचो, आणि ती तर डोक्याला खेटूनच चालायची. बोटीत बसलेल्याला बोट हलतेय हे सगळ्यांत शेवटी कळतं.

तीन आठवडे विश्रांती झाली. नालबंदाने उजवा नाल काढला, खुरावर हातोडी वाजवली, सांडशीने सगळीकडून दाबून पाहिलं. "हे खूर दुखत असेल," तो म्हणाला, "तर माझं टक्कल दुखतंय." पायाचे फोटो काढले, ते स्वच्छ. डॉक्टर पुन्हा आला, कुंपणाशी उभा राहिला. तिने चालवली. डोकं तसंच.

"फोटोत न दिसणारं दुखणं असू शकतं," डॉक्टर म्हणाला.

व्यवस्थापक हॉटेलातून आलेला माणूस. शर्टाला कडक इस्त्री, आणि रुग्णांना 'पाहुणे' म्हणायचा. त्याने एका तळ्याकाठच्या फोटोवाल्याशी बोलणं करून ठेवलं. लोक घोड्यावर बसून फोटो काढतात, तिथे. "काम काहीच नाही, ताई. नुसतं उभं राहायचं."

"उभी ती छान राहते. पण गिऱ्हाईक म्हणेल, जरा पळव. आणि ती पळणार नाही. मग तो फोटोवाला काय करेल ते तुम्हाला माहीत नाही, मला माहीत आहे."

"शनिवारी दहा वाजता गाडी येईल," तो म्हणाला. त्याच्या दृष्टीने विषय संपला होता.

गुरुवारी सकाळी नालबंद काढलेला नाल परत ठोकायला आला. ती पलीकडे हौदावर बादल्या भरत होती, म्हणून त्याने स्वतःच मास्तरणीला ठाणावरून सोडलं आणि अंगण ओलांडून आपल्या छपराकडे आणायला लागला. अंतर चाळीस पावलांचं. तिने सहज मान वर केली. घोडी डोक्यावर भरली घागर असल्यासारखी चालत होती. मान स्थिर, कान स्थिर.

"परत ने," ती ओरडली.

"कुठे?"

"जिथून आणलीस तिथे. आणि पुन्हा आण."

"बाईसाहेब, नाल ठोकायचाय की वरात काढायचीय?" पण नेली. तिने तीनदा न्यायला लावली. मग हात पुसत आली, त्याच्याकडून दोर घेतला आणि स्वतः चालली. "आता बघ. डोकं?"

नालबंदाने आधी हातोडी खाली ठेवली. "हलतंय," तो म्हणाला.

ती पालथ्या बादलीवर बसली. उजव्या हातात दोर, आखूड पाय डावा. डाव्या पायावर ती खाली जाते तेव्हा हातही खाली जातो, हाताबरोबर दोर, दोराबरोबर घोडीचं डोकं. आणि घोडी इतकी वर्षं बरोबर चालून तिच्या पावलात पाऊल टाकायला शिकलेली. दोन वर्षांत तिचा खुबा झिजला होता, लंगडणं वाढलं होतं, रोज सकाळी जिना उतरताना कठडा लागायचा. हे तिने घरात कोणाला सांगितलं नव्हतं. घोडीला मात्र आपोआप कळलं होतं.

"हे बघ," नालबंद खालच्या आवाजात म्हणाला, "कोणाला सांगू नकोस. शनिवारी डॉक्टरपुढे दोर मी धरतो. घोडी पास. सोमवारी तू परत तुझ्या जागेवर. हाय काय नाय काय."

सोपं होतं. ती सबंध दिवस त्यावर विचार करत राहिली, हे तिने नंतर कबूल केलं. संध्याकाळी वहिनीच्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकली आणि झालेलं सगळं सांगितलं.

"वहिनी, खरं सांग. आठ वर्षं मी लोकांना चालणं शिकवलं, की लंगडणं?"

वहिनीने आयुष्यभर विद्यार्थ्यांना खोटे मार्क दिले नाहीत. "थोडं थोडं दोन्ही," ती म्हणाली. "पहिली सहा वर्षं चालणं जास्त."

ती हसली नाही. "मग नालबंदाचं ऐकून चालायचं नाही."

बाहेरच्या खोलीतून दादाचा आवाज आला. भिंती पातळ आणि दादाचे कान तिखट. "मी म्हणतो झालं ते बरं झालं. आता तरी बस."

"दादा, पन्नास वर्षं तू मला बसवतोयस. तुझी कंबर गेली बसून बसून. मी अजून उभी आहे."

दादाने रेडिओ मोठा केला.

शनिवारी दहा वाजता गाडी फाटकाशी आली. घोडीच्या कागदांवर सही करायला डॉक्टर आला. रिंगणाच्या कडेला बाकावर बसड्रायव्हर बसला होता. हा एकवीस वर्षं बस चालवलेला सुकडा माणूस, झटक्याने डावं अंग गेलेला. आठवड्यातून दोनदा मास्तरणीवर बसायचा आणि दोर धरणाऱ्या हिला 'कंडक्टर' म्हणायचा, कारण हा चालला की थांबवणं हिच्या हातात. घोडी बंद झाल्यापासून रोज येऊन बाकावर बसत होता. दुसऱ्या घोड्यावर बसायला तयार नव्हता.

ती मास्तरणीला घेऊन आली आणि दोर व्यवस्थापकापुढे धरला. "साहेब, चालवा."

"मी?"

"तुम्हीच देऊन टाकताय ना. जाण्याआधी निदान हात तरी लागू द्या."

सगळे बघत होते, त्याला नाही म्हणता येईना. परक्याचा रुमाल चिमटीत धरावा तसा त्याने दोर धरला आणि निघाला. घोडी त्याच्यामागून संथ चालली. डोकं एक बोटभरही हललं नाही. कुंपणाशी डॉक्टरने हाताची घडी सोडली.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाला. मग स्वतःच आत आला, दोर घेतला, चार फेऱ्या मारल्या. काही नाही.

"आता मी," ती म्हणाली. दोर घेतला आणि त्या सगळ्यांच्या समोरून, रिंगणाच्या मधोमध चालली. जितकी लंगडत होती तितकीच, लपवायला एक पाऊलही सावरलं नाही. घोडीचं डोकं खाली, वर, खाली, वर. बाकापाशी येऊन ती थांबली.

"लिहा डॉक्टर. मास्तरीण लंगडत नाही. डावा पाय, तोही माझा."

डॉक्टर चांगल्या घरचा होता. "चूक माझी," तो म्हणाला. "मी घोडी पाहिली. धरणारं माणूस पाहिलंच नाही."

"जन्मभर लोक आधी माझा पाय बघतात. तुम्ही पहिलेच, ज्यांना तो दिसला नाही. ह्यावर रागवायचं की आभार मानायचे, ते घरी जाऊन ठरवते."

गाडी रिकामी परत गेली. इथे गोष्ट संपवता आली असती, पण व्यवस्थापक मोकळा झाल्याबरोबर माणुसकीवर उतरला. "ताई, तुम्ही काळजी करू नका. ऑफिसात फोन घ्यायला कोणीतरी हवंच आहे. खुर्ची चांगली आहे, फिरती."

फिरती का असेना, खुर्ची ती खुर्ची.

"मी बसणार नाही, साहेब."

"पण आता पुढे तर चालता येणार नाही. तुम्हीच दाखवलंत."

"पुढे नाही. मागे."

जुन्या शाळेत नवं शिंगरू तयार करताना एक पद्धत होती. म्होरकीच्या दोन्ही कड्यांना दोन लांब दोर बांधायचे, ते घोड्याच्या दोन्ही अंगांवरून मागे आणायचे, आणि माणसाने मागून चालायचं. दोर लांब आणि ढिले, त्यामुळे माणूस उडी मारत चालला तरी धक्का डोक्यापर्यंत पोचत नाही. झाडलोट करताना तिने हे शेकडो वेळा पाहिलं होतं. कोणी शिकवलं नव्हतं. झाडणाऱ्या बाईला कोण शिकवतो?

व्यवस्थापकाने कपाळाला हात लावला. "वरातीमागून घोडं ऐकलं होतं. हे काय?"

"घोड्यामागून वरात," नालबंद म्हणाला.

"आणि घोडी उधळली तर? पुढे कोण?"

हा प्रश्न खोटा नव्हता, आणि तिनेही तो उडवून लावला नाही. फिजिओबाईंनी मधला मार्ग काढला. पंधरा दिवस रिकामी घोडी. मग वाळूची पोती. मग एक स्वार, आणि डोक्याशी एक माणूस, दोर न धरता, नुसता हाताशी. पावलं सारखी पडली तर ठीक. नाही पडली तर खुर्ची.

"घोडामैदान जवळच आहे," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी मास्तरीण चार पावलं गेली आणि गर्रकन वळून तिच्याकडे तोंड करून उभी राहिली. दोर दोघींच्या पायांत. पुढे आठ वर्षं दिसणारं माणूस गेलं कुठे, हे तिला बघायचं होतं. पुन्हा सरळ केली, पुन्हा वळली. चार दिवस हेच. दोघी समोरासमोर उभ्या, दोघींचे ओठ घट्ट, आणि नालबंद कुंपणावरून विचारायचा, "आज कोण अडलंय?"

पाचव्या दिवशी तिच्या डोक्यात प्रकाश पडला. घोड्याला आपल्या शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. ती अगदी मधोमध चालत होती, म्हणजे घोडीच्या लेखी ती नव्हतीच. मग ती दोन हात डावीकडे सरकली, घोडीच्या डाव्या डोळ्याला दिसेल अशी, आणि सारखं बोलत राहिली. दुसरं काही सुचेना म्हणून दादाविषयी बोलली. पन्नास वर्षांत त्याला जे जे सुनवायचं राहून गेलं होतं ते सगळं मास्तरणीने त्या आठवड्यात ऐकलं. डावा कान मागे, मान स्थिर, आणि चाल सुरू.

पोती झाली. मग बसड्रायव्हरने हट्ट धरला की पहिला स्वार आपणच. त्याला ओट्यावरून चढवला. डाव्या बाजूला वहिनी, उजवीकडे फिजिओबाई, डोक्याशी नालबंद, हात पाठीमागे बांधून, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यासारखा. व्यवस्थापक कुंपणाशी.

"कंडक्टर कुठाय आमची?" ड्रायव्हरने विचारलं. जीभ अजून जड होती, शब्द घासत यायचे.

"मागच्या दारात."

"हां. कंडक्टरची जागाच ती. इतकी वर्षं पुढे उभी राहून माझी काच अडवलीस."

"गप बस आणि पाठ ताठ कर. डावा खांदा पडलाय तुझा."

हे बोलल्यावर तीच थबकली. आठ वर्षांत तिने एकाही स्वाराची पाठ पाहिली नव्हती. मागे वळायचं नाही हा नियम. जे कळायचं ते कानांवरून, अंदाजाने. आता सगळं समोर होतं. ड्रायव्हरचा खांदा, कमरेचा पट्टा, डावीकडे सरकलेलं बूड. ज्या माणसांना ती इतकी वर्षं फिरवत होती, ती कशी बसतात हे तिला अठ्ठावन्नाव्या वर्षी दिसलं.

"डावीकडे घसरतोयस. सरक."

"तुझीच शिकवण. डाव्या अंगाची नातीगोती आपली." पण सरकला.

दुसऱ्या फेरीच्या वळणावर तो खरंच कलंडला. मास्तरीण जागच्या जागी थांबली, मान खाली. कोणी दोर ओढला नव्हता. वहिनीने आणि फिजिओबाईंनी त्याला सावरलं, आणि घोडी कोणी न सांगता पुन्हा निघाली. नालबंदाने आपले बांधलेले हात वर करून व्यवस्थापकाला दाखवले. फिजिओबाई सबंध वेळ ओठांतल्या ओठांत पावलं मोजत होत्या. "सारखी," त्या म्हणाल्या. "आधीपेक्षा सारखी."

व्यवस्थापकाने एक महिन्याची परवानगी दिली. अशा महिन्याभराच्या परवानग्या तो चार वर्षं देत आला, आणि दर वेळी आपण मोठं मन दाखवतोय असा चेहरा करत आला. मास्तरीण आता एकवीस वर्षांची. दिवसाला दोनच फेऱ्या. मागून ही. बघायला येणारे लोक आजही आधी पाय बघतात, मग विचारतात, ही बाई मागे का चालते. ती म्हणते, "मला पुढे जायची घाई नाही, म्हणून."

आता पुन्हा 'तू'. कारण पुढचं फक्त आपल्या दोघींतलं आहे.

त्या पहिल्या महिन्यानंतर एका दुपारी तू मला वर्तमानपत्राचा एक कागद दिलास. त्यावर पेन्सिलीने तुझी दोन्ही पावलं आखलेली. म्हणालीस, "वहिनी, मोच्याकडे जा. डाव्याला जाड तळ लावून बूट करायला सांग." जन्मभर असला बूट नाकारणारी तू. मी तोंड उघडायच्या आत म्हणालीस, "लपवायला नकोय मला. मास्तरणीला एकदाच पुढून न्यायचंय, तिचं डोकं न हलवता. मग फेकून देईन."

मी गेले होते. मोची म्हणाला, कागदावरून उंची कळत नाही, बाईंना उभं करून मापावं लागेल, घेऊन या. तू म्हणालीस, गुरुवारी. त्या गुरुवारी ड्रायव्हरची फेरी निघाली. पुढच्या गुरुवारी नवीन कोणी आलं. मग तू म्हणेनाशी झालीस, मीही विचारेनाशी झाले. माझे गुडघे हे कारण आहे, पण लंगडं. खरं कारण असं की तुला मागून चालताना बघायची मला सवय झाली होती.

त्या मोच्याच्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त करतात. कागद माझ्या शब्दकोशात आहे, घडी घातलेला. डाव्या पावलाभोवती तू पेन्सिल दोनदा फिरवलीयस.